आठ एकरांसाठी आठ दावे : काउआई बेटावरचं कुलेआना प्रकरण

2016 सालचा डिसेंबर संपता संपता हवाईतल्या काउआई बेटावरच्या कोर्टात एका दमात आठ दावे पडले. जमीन किती म्हणाल तर 14 तुकडे मिळून आठ एकरांच्या जरा वर. प्रतिवादी मात्र शेकड्यांनी, आणि त्यातले बरेचसे कधीच वारलेले, म्हणजे नोटीस त्यांच्या वारसांना, ते जगात कुठे असतील तिथे. वादीच्या जागी कुणी न ऐकलेल्या दोन-तीन कंपन्या, आणि थोडं खणल्यावर कळलं की सगळ्यांच्या मागे मार्क झुकरबर्ग आहे. त्यातल्या एका कंपनीचं नाव नॉर्थशोअर कालो. कालो म्हणजे अळू. आपण ज्याच्या पानांच्या वड्या करतो तेच, फक्त तिकडे कंदाला जास्त मान, तो शिजवून कुटून त्याची पोई करतात. हवाईयन लोकांच्या जन्मकथेत आकाशपिता वाकेआचा पहिला मुलगा मेलेलाच जन्माला आला, त्याला पुरलं तिथे अळू उगवलं, आणि मग दुसरा मुलगा झाला तो हालोआ, माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू नात्याने थोरला भाऊ. आता वारसांची नावं जमिनीवरून काढायला जी कंपनी उभी केली तिलाच थोरल्या भावाचं नाव द्यायचं कुणाच्या डोक्यातून आलं असेल देव जाणे.

हे प्रकरण बहुतेकांनी अब्जाधीश विरुद्ध गरीब भूमिपुत्र असं वाचलं आणि सोडून दिलं. मीपण आधी तसंच वाचलेलं. नंतर कळलं की अब्जाधीश एका महिन्यात बाजूला झाला आणि तरीही त्यातल्या जमिनीचा लिलाव झालाच, आणि तो घरातल्याच एकाने घडवून आणला. तिथून माझा इंट्रेस्ट सुरू झाला, कारण सातबाऱ्यावर तीस-पस्तीस नावं असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटते.

पण त्याआधी थोडं मागे जावं लागेल. हवाईची जुनी जमीनव्यवस्था म्हणजे बेटाचे डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंत केलेले उभे काप, साधारण पपईच्या फोडीसारखे. अशा एका फोडीला अहुपुआआ म्हणतात. वर लाकूड, मध्ये रताळी, खाली पाणथळ खाचरांत अळू, आणि शेवटी मत्स्यतळी आणि समुद्र, म्हणजे एका अहुपुआआतल्या माणसाला लागणारं जवळपास सगळं त्याच फोडीत मिळायचं. खाचराला लोई म्हणतात आणि ओढ्यातून तिथवर पाणी आणणाऱ्या पाटाला आउवाई. पाट खणायला आणि साफ करायला ज्याने जेवढे हात लावले त्या हिशोबाने त्याला पाणी. वाई म्हणजे पाणी आणि वाईवाई म्हणजे संपत्ती, यावरून काय ते समजा. वर देखरेखीला कोनोहिकी, सरदाराचा कारभारी म्हणा हवं तर. हे सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही, सरदाराच्या शेतावर राबावं लागायचं, कपूचे, म्हणजे निषिद्ध गोष्टींचे, नियम मोडले तर जीवही जायचा. पण विकण्या-विकत घेण्यासारखी मालकी कुणाचीच नव्हती. नवा राजा आला की तो सरदारांना जमिनी नव्याने वाटून द्यायचा, सरदार बदलायचे, कसणारी रयत मात्र तिथेच राहायची. आणि सरदार फारच जाचक निघाला तर रयत उठून दुसऱ्या अहुपुआआत जायची, हा तिच्या हातातला एकमेव पण बरा हुकमी एक्का होता.

मग एकोणिसावं शतक, जहाजं, मिशनरी, व्यापारी, कर्जं. 1843 मध्ये एका ब्रिटिश नौदल कॅप्टनने पाचेक महिने अख्खं राज्यच ताब्यात घेतलं होतं, नंतर ते परत मिळालं पण राजाला धडकी भरली. कुणी परत देश गिळलाच तर निदान खासगी कागदावर असलेली जमीन तरी लोकांकडे राहील, असा एक विचार तिसऱ्या कामेहामेहाच्या दरबारात होता. दुसरीकडे परदेशी व्यापाऱ्यांना तारण ठेवता येईल अशी पक्की मालकी हवीच होती. 1845 मध्ये भूमी आयोग नेमला गेला, आणि 1848 च्या 27 जानेवारीपासून 7 मार्चपर्यंत राजा आणि सुमारे 245 सरदार यांच्यात वाटणी झाली, तिला म्हणतात माहेले. सरदारांकडे ढोबळमानाने 16 लाख एकर, सरकारकडे 15 लाख आणि राजाच्या खासगीत जवळपास 10 लाख. या सगळ्या वाटणीत एक अट मात्र घातली होती, रयतेचे हक्क राखून. या हक्कांना मूळ भाषेत शब्द आहे कुलेआना.

कुलेआना हा शब्द मराठीत एका झटक्यात बसत नाही. हक्क म्हणावं तर त्यात जबाबदारी येत नाही, जबाबदारी म्हणावं तर हक्क सुटतो. आपला वतन शब्द थोडा जवळ जातो, कारण वतनात खाणंही होतं आणि चाकरीही. तर या कुलेआनाचा 6 ऑगस्ट 1850 ला कायदा झाला. रयतेतल्या माणसाने आपण खरोखर कसतो तेवढी खाचरं आणि घराची जागा एवढ्यावर दावा करायचा, दावा दाखल करण्याची मुदत फेब्रुवारी 1848 लाच संपलेली, वर साक्षीदार आणायचे, मोजणीचा खर्च स्वतः करायचा. पड जमीन, डोंगर, कुरण, समुद्र यातलं काही मिळणार नाही. आणि जेमतेम महिनाभर आधी, 10 जुलै 1850 ला, परदेशी माणसांना जमीन विकत घ्यायची मुभा मिळाली होती. म्हणजे बघा, विकत घेणारे दारात उभे राहिले आणि मग रयतेला सांगितलं की या आता तुमचे कागद करून घ्या.

त्यात 1848-49 मध्ये गोवर, डांग्या खोकला, इन्फ्लुएन्झा अशी एकावर एक साथ आली, हजारो माणसं गेली, 1853 ला देवी आली. ज्यांनी साक्ष द्यायची तेच मेले. बऱ्याच जणांना हे दावा प्रकरण काय आहे तेच कळलं नाही, काहींना सरदाराविरुद्ध दावा करणं म्हणजे बेइमानी वाटली. सुमारे 14 हजार दावे आले, त्यातले आठ हजारांच्या आसपास मंजूर झाले, आणि रयतेच्या पदरात पडले 28 हजार सहाशेच्या आसपास एकर. अख्ख्या हवाईची जमीन 41 लाख एकर धरली तर एक टक्काही नाही.

एक टक्का हा आकडा लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मात्र त्याच कायद्याचं कलम 7 वाचायला मजा येते, कारण तिथे जुनी व्यवस्था दाराच्या फटीतून पाय घालून बसलीय. अहुपुआआतल्या रयतेला स्वतःच्या वापरापुरतं सरपण, घराला लाकूड, काथ्या, शाकारणीचं गवत आणि ती नावाच्या झाडाची पानं घेता येतील, विकायला नाही. प्यायचं पाणी, वाहतं पाणी आणि जायची वाट बंद करता येणार नाही. हे कलम आजही हवाईच्या कायद्यात आहे. 1978 च्या राज्यघटना-दुरुस्तीने पारंपरिक हक्कांना संरक्षण दिलं आणि 1995 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने किनाऱ्याच्या एका खटल्यात सरळ सांगितलं की मालकाने बाकी सगळ्यांना बाहेर ठेवायचं ही पाश्चात्त्य कल्पना हवाईत सरसकट लागू होत नाही. म्हणून हे तीन-तीन एकरांचे तुकडे दिसायला चिल्लर, पण प्रत्येकाला चिकटून एक वाट असते आणि बहुतेकांना पाणी.

आता कागदाची गंमत. 1850 च्या आसपास हवाईयन माणसाला आडनाव नसायचं, एकच नाव. ते रीतसर आडनावांचं प्रकरण 1860 च्या कायद्याने आलं. त्यामुळे भूमी आयोगाच्या निवाड्यावर एकच शब्द, आणि त्याच नावाची माणसं शेजारच्या खोऱ्यातही. त्यात हानाई, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवायची सर्रास पद्धत, जिची कुठे नोंद नाही. मृत्युपत्र करणं माहीत नाही. साक्षी लिहिल्या हवाईयन भाषेत, आणि 1896 पासून शाळा इंग्रजीतच भरायला लागल्या, म्हणजे दोन पिढ्यांत नातवंडांना आजोबांचा स्वतःचा कागद वाचता येईना. वारसा आपोआप सगळ्यांना समान, वाटणी मात्र कुणी केलीच नाही. नुसतं गणित करून बघा. एका माणसाला सात मुलं, पुढे प्रत्येकाला पाच-पाच, अशा आणखी तीन पिढ्या. 875 हिस्सेदार. दोन एकरांचा तुकडा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 100 चौरस फूट, म्हणजे 10 बाय 10 ची एक खोली. आणि तीही कुठली खोली ते सांगता येत नाही, कारण हिस्सा अविभक्त आहे, प्रत्येकाचा प्रत्येक इंचात. आमच्या घरी एक काका दरवर्षी म्हणायचे की माझा हिस्सा विहिरीपासचा, त्यांना हे कुणी कधी समजावू शकलं नाही.

अशा तुकड्याचं टायटल क्लिअर करायला अमेरिकेत एक वेगळ्या प्रकारचा दावा असतो. जो कुणी एक हिस्सा विकत घेतो किंवा वहिवाटीने मालकी सांगतो तो कोर्टात जातो, ज्ञात-अज्ञात सगळ्या वारसांना प्रतिवादी करतो, जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी पेपरात नोटीस छापतो, आणि म्हणतो की ज्याला काही म्हणायचंय त्याने या, नाहीतर कायमचे गप्प बसा. हवाईत उत्तर द्यायला 20 दिवस. ज्याच्या आजीचं माहेर काउआईला होतं आणि जो आज लास व्हेगासला हॉटेलात नोकरी करतो त्याने 20 दिवसांत वकील, वंशावळ आणि 1850 च्या कागदाची नक्कल जमवायची. ऊसमळ्यांच्या कंपन्यांनी हेच हत्यार वापरून कितीतरी कुलेआना गिळले, वर वहिवाटीचा आधार. नंतर लोकांना जाग आली, 1973 मध्ये वहिवाटीची मुदत 10 वरून 20 वर्षं झाली आणि 1978 च्या घटनेने ती पाच एकरांपर्यंतच मर्यादित केली. पण दुसऱ्याचा हिस्सा विकत घेऊन मग विभाजनाचा दावा टाकायचा, हा रस्ता उघडाच राहिला.

आता परत झुकरबर्गच्या जमिनीकडे, म्हणजे पिलाआला. काउआईच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा अहुपुआआ. एकेकाळी वरच्या पठारावर ऊस, खाली प्रवाळ. 2001 मध्ये वरच्या जमिनीवर आधीच्या मालकाने केलेल्या खोदकामामुळे मुसळधार पावसात सगळा लाल चिखल खाली प्रवाळावर आला होता, ते एक वेगळंच प्रकरण आहे. 2014 ला झुकरबर्गने इथे सुमारे 700 एकर घेतले, किंमत साधारण 10 कोटी डॉलर. 2016 ला रस्त्याकडेने माणसाच्या उंचीची दगडी भिंत घातली तेव्हाच शेजारी चिडले होते, समुद्राकडचं वारं आणि नजर दोन्ही अडलं म्हणून. आणि या 700 एकरांच्या आत ते 14 तुकडे विखुरलेले. 700 मधले आठ, म्हणजे पुन्हा तोच एक टक्क्याच्या आसपासचा आकडा.

पैशात बघितलं तर आठ एकर त्याच्यासाठी काहीच नाहीत. पण वर म्हटलं ना, प्रत्येक तुकड्याला वाट चिकटलेली. तुकडा कुणाचा तरी आहे तोवर तो कुणीतरी त्याच्या चुलतभावंडांसकट, मासे पकडायच्या जाळ्यासकट, गेटमधून आत येऊ शकतो, सिक्युरिटीने विचारलं तर कलम सांगू शकतो. एकांत विकत घेतलेल्या माणसाला हे परवडत नाही. जमिनीपेक्षा वाट बंद करायची होती असं मला वाटतं, कोर्टाच्या कागदात अर्थात असं कुणी लिहीत नाही, तिथे लिहितात की मालकी निश्चित व्हावी आणि हिस्सेदारांना योग्य मोबदला मिळावा. आणि हेही खरं की अनेक वारसांना आपला हिस्सा आहे हे त्या नोटिशीमुळेच पहिल्यांदा कळलं, काहींना तर न मागता पैसे मिळणार होते.

जानेवारी 2017 मध्ये बातमी फुटली. एका आठवड्यात जगभर बोंबाबोंब, भिंतीबाहेर मोर्चाची तयारी. महिना संपायच्या आत झुकरबर्गने काउआईच्या स्थानिक पेपरात पत्र लिहिलं, चूक झाली, आधी इथला इतिहास समजून घ्यायला हवा होता, दावे मागे घेतो. बाहेरच्या पत्रकारांसाठी गोष्ट तिथे संपली.

बेटावर संपली नाही, कारण चार तुकड्यांच्या दाव्यात वादी दोन होते. एक ती अळूच्या नावाची कंपनी आणि दुसरा एक निवृत्त प्राध्यापक, हवाईयन अभ्यासाचाच, ज्याने त्या जमिनीवर कित्येक वर्षं स्वतः राहून अळू लावलं, पाट साफ केले, कर भरला. त्याच्या पणजोबांनी, जे पोर्तुगालहून ऊसमळ्यावर मजूर म्हणून आले होते, 1894 मध्ये हे चार तुकडे विकत घेतले होते. म्हणजे सगळ्या जगाने ज्या जमिनीला आदिवासी जमीन म्हणून डोक्यावर घेतलं ती निवाड्याच्या मूळ माणसाकडून आधीच एकदा विकली गेलेली होती, पुढे लग्नसंबंधांतून वारस हवाईयन झाले ही गोष्ट वेगळी. पणजोबांना सात मुलं, आणि आता वारस शेकड्यांनी (वरचं माझं गणित कुठून आलं ते कळलं असेल).

कंपनी बाहेर पडली, प्राध्यापक राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, मी कसलंय, कर मी भरलाय, आणखी एक पिढी गेली तर हिस्से इतके बारीक होतील की कुणालाच काही उरणार नाही, करापायी काउंटी घेऊन टाकेल. नातेवाइकांपैकी बरेच जण विरोधात. त्यांचं म्हणणं, तू कसलंस हे मान्य, पण म्हणून आमच्या आजीची जमीन तुझ्या एकट्याची कशी, आणि तुझ्यामागे पैसा कुणाचा आहे ते सगळ्यांना माहितीय. दोन्ही बाजू ऐकल्या की कुणाच्या बाजूने मान हलवावी कळत नाही. जुन्या व्यवस्थेच्या मापाने बघितलं, म्हणजे जो राबला त्याचं पाणी, तर प्राध्यापक बरोबर. पण त्याच व्यवस्थेत लिलाव नव्हता, आणि दूर गेलेला माणूस परत आला तर त्याला जागा द्यायची असते हेही होतं. त्यांनी जुन्या हक्काची गोष्ट सांगून नवं हत्यार उचललं असं मला वाटतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला खरंच सांगता येत नाही.

कोर्टाने शेवटी जमीन विकून पैसे वाटायचा आदेश दिला. मार्च 2019 ला लिहुए गावात लिलाव झाला. एकीकडे फलक धरलेले नातेवाईक, दुसरीकडे त्याच घरातली माणसं एकमेकांविरुद्ध बोली लावताहेत, असा तो प्रसंग. शेवटी प्राध्यापकांची बोली 20 लाख डॉलरच्या वर गेली आणि जमीन त्यांना मिळाली. निवृत्त मास्तरकडे एवढे पैसे कुठून आले हा प्रश्न नातेवाईक अजून विचारतात. कंपनीने आधीच जाहीर केलेलं होतं की प्राध्यापकांच्या दाव्याला आमचा पाठिंबा आहे.

इथे आपला एक कायदा आठवतो, 1893 चा विभाजन कायदा. त्यातही विकून पैसे वाटायची सोय आहे, पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा बाहेरच्याने घेतला आणि मग वाटणी मागायला आला, तर घरच्यांना त्याचा हिस्सा मूल्यांकनाने विकत घेऊन त्याला बाहेर काढायचा अधिकार कलम 4 देतं. ब्रिटिशांनी केलेला कायदा, पण भाऊबंदकीची नाडी बरोबर पकडलेली. काउआईला तशी एक ओळ कामाला आली असती का, तर फार नाही, कारण ते घर नव्हतं, शेत होतं, आणि बाहेरचा कागदावर बाहेर पडलेला होता.

त्याच 2017 मध्ये हवाईच्या विधिमंडळाने कायदा बदलला. कुलेआनाच्या दाव्यात प्रतिवादीकडून वादीला वकिलाचा खर्च वसूल करता येणार नाही, तेच पक्षकार असतील तर अनेक दावे एकत्र चालवायचे, प्रतिवादीने मागितलं तर आधी मध्यस्थी. खर्चाची अट छोटी वाटते पण सगळी भीती तिथेच होती. 100 चौरस फुटांसाठी लढायला गेलो आणि हरलो तर समोरच्याच्या वकिलाचं बिल आपल्या अंगावर, या धाकानेच लोक नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून द्यायचे. 2021 ला झुकरबर्गने शेजारचे आणखी सुमारे 600 एकर घेतले, 5 कोटी 30 लाख डॉलरला, यावेळी एका ना-नफा संस्थेकडून रीतसर.

आणि वारसच नसेल तर? मृत्युपत्र नाही, वारस नाही, अशा मालकाचा कुलेआना हवाईत सरकारजमा होत नाही, तो ऑफिस ऑफ हवाईयन अफेअर्स या मूळ हवाईयन लोकांसाठीच्या संस्थेकडे जातो. त्याच संस्थेने जुन्या निवाड्यांचा किपुका नावाचा ऑनलाइन डेटाबेस केलाय, नकाशावर बोट ठेवलं की निवाड्याचा नंबर येतो, नंबरवरून साक्ष सापडते, साक्षीत अमुक इतकी खाचरं, एक घर, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला अमक्याची जमीन. नाव टाकून शोधलं तर एका नावाची चार-पाच माणसं निघतात, मग घरात जी कुणी सगळ्यात म्हातारी बाई शिल्लक असेल तिला फोन लावायचा आणि विचारायचं की आपला कुठला.